ऑफिस सुटल्यावरचा सूर्य

पुलगाव सोडून गाडी धामणगावकडे निघाली की मध्ये तळणी नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. आमच्यासारख्या वर्धा-अमरावतीकडच्या पोरांनी ते खिडकीतून कितीदा पाहिलं असेल, हिशोब नाही. आमची गाडी तिथे थांबत नाही, आणि थांबली तरी उतरायचं काही कारण नाही. मात्र २२ जानेवारी १८९८ या दिवशी लंडनहून बोटीने आणि मग रेल्वेने आलेली काही मंडळी या तळणीत तंबू ठोकून बसली होती. खग्रास सूर्यग्रहण होतं. त्या मंडळींतला एक जण जॉन एव्हरशेड. वय ३३. पेशा: लंडनच्या एका कंपनीत तेलांची रासायनिक तपासणी. खगोलशास्त्राशी संबंध: घरच्या घरी, हौस म्हणून.

मित्रहो, सौरभौतिकी शिकणाऱ्या कुणालाही ‘एव्हरशेड परिणाम’ हा शब्द टाळून पुढे जाता येत नाही. ते नाव ज्याच्यावरून पडलं तो माणूस वयाच्या ४२ व्या वर्षापर्यंत नोकरदार हौशी निरीक्षक होता, हे मला आमच्या लायब्ररीत एक जुनं पुस्तक चाळताना कळलं आणि मी सबमिशनचं जर्नल बाजूला ठेवलं. (सरांनी हे वाक्य वाचू नये.)

एव्हरशेड यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८६४ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या गॉमशॉल या खेड्यातला. खगोलशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. पोटासाठी लंडनमध्ये नोकरी धरली आणि १८९० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेला, क्रॉयडनच्या पुढे केनली या उपनगरात घराशेजारी स्वतःची छोटी वेधशाळा उभी केली. त्याच वर्षी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी निरीक्षकांची संस्था सुरू झाली, तिचेही ते पहिल्या फळीतले सभासद. तो काळच तसा होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून पाहता येतात हे १८६८ मध्ये लंडनमधून दाखवणारे नॉर्मन लॉकियर हेसुद्धा तेव्हा युद्धखात्यात कारकून होते.

लॉकियरांचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लागला, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. त्या वर्षी ऑगस्टच्या ग्रहणाला फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियरांनी आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून केलं. विजयदुर्गावर लॉकियर आले ते १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तळणीवाल्याच ग्रहणाला. किल्ल्याचं मोठेपण त्याने कमी होत नाही, पण तारखा तरी नीट लावाव्यात.

आता केनलीतला खरा प्रश्न बघा. ताऱ्यांची हौस असलेला नोकरदार माणूस रात्री दुर्बीण काढू शकतो, झोप गेली तरी पगार शाबूत. सूर्याची हौस मात्र अवघड जागेचं दुखणं. सूर्य उगवलेला असतो तेव्हाच ऑफिसही चालू असतं. राहिल्या उन्हाळ्यातल्या लवकरच्या सकाळी, लांबलेल्या संध्याकाळी आणि रविवार, तेही इंग्लंडातले ढग मेहेरबान असतील तर. उलट एक फायदाही आहे. शहराच्या दिव्यांनी तारे बुडतात, सूर्य बुडत नाही. उपनगरातल्या गच्चीवरून करता येण्यासारखं खगोलशास्त्र म्हणजे सूर्यच. अडचण होते ती तापलेल्या छपरांची आणि जमिनीची. त्यांच्यावरची गरम हवा थरथरते आणि प्रतिमा पाण्यात पडल्यासारखी हलते. म्हणून सूर्याचे फोटो घेणारे सगळे सकाळ धरून बसतात, ऊन चढायच्या आत.

(इथेच सांगतो, आमच्या विंगमध्ये कुणी दुर्बीण आणलीच तर तिच्यातून सूर्याकडे डोळा लावू नका. क्षणभरही नाही. आयपीसच्या मागे पांढरा कागद धरा, त्यावर सूर्याची प्रतिमा पडते, डाग असतील तर तेही दिसतात.)

१८९४ मध्ये एव्हरशेड यांचे मित्र रॅन्यर्ड वारले. ते स्वतः सूर्याचे अभ्यासक होते आणि जाताना आपली १८ इंची परावर्तक दुर्बीण एव्हरशेड यांच्या नावे करून गेले. शिवाय त्यांचा वर्णपटदर्शकही एव्हरशेड यांच्या हाती आला. एका हौशी माणसाने दुसऱ्या हौशी माणसाला दिलेला हा वारसा. त्या सामानातून एव्हरशेड यांनी केनलीत स्पेक्ट्रोहेलिओग्राफ जुळवला. हे यंत्र अमेरिकेत हेल यांनी आणि फ्रान्समध्ये देलांद्र यांनी नुकतंच, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, काढलेलं होतं. त्याची युक्ती इतकी सुंदर आहे की थोडं थांबून सांगतोच.

सूर्याचा साधा फोटो काढला तर डाग दिसतात, कडा थोडी काळपट दिसते, आणि झालं. सगळ्या रंगांचा उजेड एकदम येतो आणि त्यात वरच्या पातळ थराचा प्रकाश हरवून जातो. पण तो थर काही ठरावीक रंगांतच जोरात बोलतो. उदाहरणार्थ कॅल्शियमची जांभळी रेषा, ३९३४ अँगस्ट्रॉमच्या आसपास. तेवढ्याच रंगात फोटो काढला तर? आज आपण फिल्टर विकत आणू. तेव्हा इतका अरुंद फिल्टर मिळत नव्हता. मग यांनी काय केलं, सूर्याच्या प्रतिमेवर एक बारीक फट ठेवली. फटीतून आलेल्या पट्टीचा प्रिझमने वर्णपट केला. त्या वर्णपटावर दुसरी फट ठेवून फक्त कॅल्शियमची रेषा पुढे सोडली आणि मागे फोटोची काच ठेवली. आता काचेवर सूर्याची एकच पट्टी उमटली, पण एकाच रंगातली. पहिली फट सूर्यावरून हळूहळू सरकवायची आणि त्याच वेगाने काच दुसऱ्या फटीमागून सरकवायची. पट्टीला पट्टी जोडत अख्खा सूर्य तयार! आपल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरचंच तत्त्व. जांभळी रेषा निवडण्यामागे एक व्यवहारी कारणही होतं: तेव्हाच्या फोटोच्या काचांना निळा-जांभळा प्रकाश चांगला कळायचा, तांबडा जवळजवळ कळतच नसे.

ऐकायला सोपं आहे. पण दोन्ही सरकती अंगं जराही धक्का न बसता चालली पाहिजेत, नाहीतर सूर्यावर आडवे-उभे पट्टे पडतात. मेकॅनिकलवाल्यांना यातलं दुःख कळेल. एव्हरशेड यांचा हात या कामात फार चांगला होता. पुढे आयुष्यभर त्यांनी यंत्रं स्वतः जुळवली, आणि ती महाग नसायची. केनलीतच त्यांनी तापवलेल्या वायूंच्या प्रकाशावर प्रयोग करून १८९५ मध्ये शोधनिबंधही छापला. नोकरी चालूच.

ग्रहणाचा पहिला प्रयत्न १८९६ चा, नॉर्वेच्या उत्तर टोकाला वाडसो इथे. इतक्या लांब बोटीने गेले आणि ऐन वेळी ढग आले. सगळ्या मंडळींचा विरस झाला. त्या प्रवासात एव्हरशेड यांना मेरी अ‍ॅकवर्थ ऑर भेटली. तीही हौशी निरीक्षक. दक्षिण गोलार्धातल्या ताऱ्यांवर तिने नवख्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. लग्न व्हायला मात्र आणखी दहा वर्षं जायची होती.

दोन वर्षांनी तळणी. ते दिवस आठवा: मुंबई-पुण्यात प्लेग, टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात. आणि ग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून करमाळ्याजवळच्या जेऊरवरून, वऱ्हाडातून पुढे बक्सरकडे गेलेला. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन बसले होते. हे सायन्स कॉलेज म्हणजे आजचं पुण्याचं सीओईपी. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या कॉलेजात तेव्हा २० इंची दुर्बीण असलेली वेधशाळा होती! आपल्या कॉलेजात काय आहे याबद्दल मी बोलत नाही. पुलगावला आणखी एक इंग्रज पथक. आणि तळणीला एव्हरशेड आणि माउंडर दांपत्य. अ‍ॅनी माउंडर बाईंनी तिथे अगदी छोट्या भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब किरण टिपला. तोवर इतका लांब कुणाच्या फोटोत आला नव्हता.

एव्हरशेड यांचं लक्ष दुसरीकडे होतं. चंद्र सूर्याला पुरता झाकतो त्या क्षणी सूर्याच्या वातावरणाचा खालचा थर एक-दोन सेकंद उघडा पडतो आणि वर्णपटातल्या काळ्या रेषा झटकन उजळतात. त्याला क्षणदीप्त वर्णपट म्हणता येईल. एक-दोन सेकंद! खग्रास स्थितीच मुळी दोन मिनिटांच्या आसपास. म्हणजे महिन्या-दीड महिन्याचा प्रवास, साठवलेली रजा, पेट्यांतून आणलेल्या काचा, सगळं त्या सेकंदांवर लावलेलं. वाडसोची आठवण ताजी असताना त्या सकाळी आभाळ बघताना काय वाटलं असेल! तळणीचं आभाळ स्वच्छ राहिलं. जानेवारीतलं वऱ्हाड, ते राहणारच. काचा उत्तम निघाल्या. हायड्रोजनच्या रेषा जांभळ्याकडे जवळजवळ येत एका मर्यादेपाशी संपतात हे आपण पहिल्या वर्षात शिकतो, ती बामर श्रेणी. त्या मर्यादेच्या पलीकडे रेषा नसून एक सलग उजेड आहे हे एव्हरशेड यांच्या तळणीच्या फोटोंत दिसलं. तो का असतो याचं उत्तर द्यायला अजून अणूची रचनाच कुणाला ठाऊक नव्हती. बोरचा अणू पंधरा वर्षं लांब होता. (अणूपासून सुटलेला मोकळा इलेक्ट्रॉन परत पकडला जातो तेव्हा कितीही ऊर्जा घेऊन येऊ शकतो, म्हणून सलग.) म्हणजे वऱ्हाडातल्या एका स्टेशनाजवळ क्वांटम भौतिकीचा एक पुरावा आधीच काचेवर येऊन बसला होता. ही गोष्ट आमच्याकडे कुणालाच माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. विजयदुर्गाच्या वाट्याला न केलेला शोध, आणि तळणीच्या वाट्याला केलेल्याचीही नोंद नाही.

१९०० मध्ये ते अल्जीरियाला गेले. तिथे पट्ट्याच्या मधोमध न जाता मुद्दाम कडेला बसले, कारण कडेला चंद्राची बाजू सूर्याला घासून जाते आणि तो क्षणदीप्त वर्णपट जास्त वेळ टिकतो. इतरांना पूर्ण ग्रहण हवं होतं, यांना फक्त ते सेकंद.

वय चाळिशीकडे आलं. छापलेलं काम चांगलं, ओळखी चांगल्या, पण व्यवसाय तोच. मग ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी शब्द टाकला आणि १९०६ मध्ये कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत सहायक संचालकाची जागा मिळाली. त्याच वर्षी मेरीशी लग्न झालं, आणि दोघं अमेरिका-जपान अशी उलटी वाट धरून भारताकडे निघाली. वाटेत कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर हेल यांची भेट घेतली. जानेवारी १९०७ मध्ये कोडाई. बेचाळिसाव्या वर्षी या माणसाला सूर्य बघायचा पगार सुरू झाला.

कोडाईत केंब्रिजच्या कंपनीने बनवलेला स्पेक्ट्रोहेलिओग्राफ आधीच येऊन पडला होता. एव्हरशेड यांनी त्याला शिस्त लावली आणि रोजच्या रोज कॅल्शियमच्या प्रकाशातले फोटो सुरू केले. पुढे हायड्रोजनच्या तांबड्या रेषेसाठी जोडयंत्र स्वतः बनवलं. १९१२ पासून तेही फोटो नेमाने निघू लागले.

आता मुख्य गोष्ट. १९०८ मध्ये हेल यांनी दोन मोठ्या गोष्टी जाहीर केल्या: सौरडागांत जोरदार चुंबकीय क्षेत्र असतं, आणि डागांभोवती भोवऱ्यासारख्या रचना दिसतात. साहजिकच सगळ्यांची समजूत अशी की डाग म्हणजे चक्रीवादळ, त्याच्याभोवती वायू गोल फिरत असणार. हेल म्हणजे त्या काळचं सर्वांत मोठं नाव, हाताशी जगातली उत्तम यंत्रं. ५ जानेवारी १९०९ ला पावसानंतर कोडाईचं आभाळ धुऊन निघालेलं, हवा स्थिर. एव्हरशेड यांनी डागांचे वर्णपट घेतले. डागाच्या कडेच्या करड्या भागात रेषा तिरक्या झाल्या होत्या. म्हणजे तिथला वायू हलतोय, डॉप्लर परिणाम.

पण कुठल्या दिशेने? इथे हिशोब फार साधा आहे. वायू डागाभोवती गोल फिरत असेल तर सरकणं एका दिशेच्या फटीत दिसेल. डागातून बाहेर पसरत असेल तर तिच्याशी काटकोनातल्या. एव्हरशेड यांनी फट फिरवून फिरवून पाहिलं. सूर्यबिंबाच्या मध्यापासून डागाकडे जाणाऱ्या रेषेवर फट ठेवली की रेषा सर्वांत जास्त तिरक्या, आडवी ठेवली की सरळ. आणि डाग बिंबाच्या अगदी मध्याशी असला की काहीच नाही, कारण वायू पृष्ठभागाला समांतर जातोय, आपल्याकडे येत किंवा जात नाही. म्हणजे गोल फिरणं नव्हे. लेक्चर सुटल्यावर दारातून पोरं चहूकडे पांगतात तसा वायू डागातून बाहेर पांगत होता, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने. मोठ्या माणसाच्या चित्राशी न जुळणारा निकाल त्यांनी त्याच वर्षी कोडाईच्या बुलेटिनमध्ये छापून टाकला.

हे मोजणं किती बारीक होतं बघा. पहिल्या वर्षाच्या फिजिक्स लॅबमध्ये सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दिसाव्यात म्हणून आपण डोळे फोडून घेतो. त्यांच्यातलं अंतर सहा अँगस्ट्रॉम. सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने त्या भागातली रेषा सरकते ०.०४ अँगस्ट्रॉम, म्हणजे त्या अंतराचा दीडशेवा भाग. आणि हे काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, हाताने.

पुढे माउंट विल्सनवर सेंट जॉन यांनी १९१३ मध्ये तोच निकाल पक्का केला, आणि वरच्या थरात वायू उलटा, आत येतो हेही दाखवलं. भोवऱ्याची कल्पना मागे पडली. कलत्या चुंबकीय क्षेत्रातलं वायूचं हे वाहणं नेमकं कसं घडतं यावर शंभर वर्षांनंतरही पेपर निघत राहिले.

१९११ मध्ये ते संचालक झाले. पुण्याच्या कॉलेजातली नायगमवालांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली तेव्हा ती २० इंची दुर्बीण कोडाईलाच गेली. १९१५ मध्ये एव्हरशेड यांनी काश्मीरच्या खोऱ्यात तात्पुरता तळ टाकून तिथली हवा किती स्थिर आहे ते पाहिलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९१८ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे सूर्याच्या गुरुत्वाने रेषा किंचित तांबड्याकडे सरकायला हव्यात, सेकंदाला ०.६ किलोमीटर वेगाइतक्या. ते मोजायचा ध्यासही त्यांनी अनेक वर्षं घेतला. १९२२ मध्ये ग्रहणासाठी ऑस्ट्रेलियातल्या वॉलालला गेले. आभाळ स्वच्छ होतं, पण त्यांच्या यंत्रांनी दगा दिला, आणि यश शेजारच्या कॅम्पबेल यांच्या पदरात पडलं.

मेरीबाईंबद्दल दोन ओळींत लिहिणं अन्याय आहे. सरकारी पद त्यांना नव्हतं. सौरज्वालांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला, १९१७ चा ज्वालांवरचा मोठा ग्रंथ दोघांच्या नावाने निघाला, आणि कोडाईच्या त्या टेकडीवर बसून त्यांनी इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या खगोलशास्त्रावर पुस्तक लिहिलं. होस्टेलवर नेट बंद पडलं की आमचा अभ्यास थांबतो.

कोडाईच्या काचा जपून ठेवल्या गेल्या. पुढे त्या स्कॅन करून संगणकावर चढवल्या, आणि सूर्याची शंभर वर्षांची एकाच जागेवरून, एकाच रंगात काढलेली मालिका संशोधकांना मिळाली.

१९२३ मध्ये एव्हरशेड निवृत्त झाले. सीआयई हा किताब मिळाला, मायदेशी परतले. आणि केलं काय? सरेमधल्या युहर्स्ट या गावी घराशेजारी पुन्हा स्वतःची वेधशाळा बांधली. पुन्हा हौशी. फरक एवढाच की आता ऑफिस नव्हतं, सकाळ सगळी त्यांची. मोठे काचेचे प्रिझम परवडत नाहीत म्हणून पोकळ प्रिझममध्ये द्रव भरून त्यांनी प्रचंड ताकदीचे वर्णपटलेखक बनवले. द्रवाचं तापमान जरा बदललं तरी वर्णपट बिघडतो, म्हणून तापमान सांभाळण्याची खटपट आली. ती पंचवीस वर्षं केली. सूर्याच्या रेषांची मोजमापं छापून येत राहिली.

मेरीबाई १९४९ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी, वयाच्या ८६ व्या वर्षी, एव्हरशेड यांनी वेधशाळा बंद केली आणि मोठी यंत्रं रॉयल ग्रीनिच वेधशाळेला देऊन टाकली. १७ नोव्हेंबर १९५६ ला युहर्स्टमध्येच त्यांचं निधन झालं.